दवाखान्यात पोराला बोलू द्या: पहिल्यांदा घेऊन जाणाऱ्यांसाठी पायरी पायरीनं

गेल्या वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत आमच्या पोरीचा खोकला परत सुरू झाला. नऊ वर्षांची आहे, दमा आहे तिला, आणि कोल्हापूरच्या आसपास राहणाऱ्यांना सांगायला नको की रानात पाचट पेटवायला लागले की संध्याकाळी हवेत काय असतं. डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, रात्री खोकला येतो का. मी लगेच म्हटलं, नाही डॉक्टर, रात्री शांत झोपते. तेवढ्यात पोरगी म्हणाली, "मी रोज उठतो की. उशी उभी करतो आणि भिंतीला टेकून बसतो. आई पलीकडच्या खोलीत झोपलेली असत्या." (आमच्याकडं मुली पण जातो-येतोच म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.)

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची तिच्याकडं वळवली आणि पुढची सात-आठ मिनिटं फक्त तिच्याशीच बोलले, किती वेळा उठतेस, मग काय केल्यावर बरं वाटतं, शाळेत जिना चढताना काय होतं. तिनं बोटं मोजून सांगितलं. त्या दिवशी तिचं औषध बदललं. चार वर्षं मी तिच्या वतीनं उत्तरं देत होते आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मलाच माहीत नव्हती, ती फक्त तिला माहीत होती.

म्हणून हे लिहितेय. ज्यांचं मूल पहिल्यांदाच दवाखान्यात जातंय, किंवा ज्यांना आता वरचेवर जावं लागणार आहे, त्या आईबाबांसाठी, आणि आजोबा, मामा, आत्या जे कोण सोबत जातात त्यांच्यासाठी पण. मी डॉक्टर नाही, पण चार वर्षं राजारामपुरीतल्या दवाखान्यांच्या बाकांवर बसून आणि दोनदा ॲडमिट करून जे शिकले ते आहे.

एक गोष्ट आधी मिटवून टाकू, कारण घरात हे काढलं की पहिला प्रश्न येतो, "म्हणजे आता पोरं ठरवणार का औषध घ्यायचं का नाही?" तसं नाही. आपल्याकडं १८ वर्षांच्या आतल्या मुलाच्या ऑपरेशनच्या कागदावर सही आईवडिलांचीच घेतात, जबाबदारी आपलीच असते. पण सही कुणाची आणि ऐकायचं कुणाचं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा, भारतानं तो १९९२ मध्ये स्वीकारला, त्याच्या बाराव्या कलमात सरळ लिहिलंय की मुलाशी संबंधित कुठल्याही गोष्टीत त्याला आपलं मत मांडता आलं पाहिजे आणि वय, समज बघून त्या मताला वजन दिलं पाहिजे. वैद्यकीय संशोधनात मुलाला घ्यायचं असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणं पालकांची परवानगी घेऊन भागत नाही, सात वर्षांवरच्या मुलाला त्याचं स्वतःचं हो-नाही पण विचारावं लागतं. सात वर्षं! म्हणजे दुसरीतलं पोर. मग साध्या तपासणीत आपण त्याला तोंडसुद्धा उघडू देत नाही हे बरोबर आहे का?

पायरी १: निघायच्या आधी खरं सांगा

पहिलं काम घरातलं. "जेव, नाहीतर डॉक्टर सुई मारतील" हे बोलणं बंद करा. आजीपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे हे म्हणतात, प्रेमानंच म्हणतात, पण मग त्याच डॉक्टरांसमोर पोरानं शहाण्यासारखं आ करून दाखवावं अशी अपेक्षा कशी करायची. लहान मुलांना तसंही आजार म्हणजे शिक्षाच वाटतो. आमची पोरगी पाच वर्षांची असताना तिची खात्री होती की तिनं चोरून आईस्क्रीम खाल्लं म्हणून तिला दमा झाला, आणि ही गोष्ट तिनं मला दोन वर्षांनी सांगितली. तेव्हा सगळ्यात आधी हे सांगा की हे तुझ्यामुळं झालेलं नाही.

कधी सांगायचं? माझा अनुभव असा की तीन-चार वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी सकाळी सांगावं, आदल्या दिवशी सांगितलं तर रात्रभर तेच डोक्यात फिरतं. शाळेत जाणाऱ्याला एक-दोन दिवस आधी. दहा-अकराच्या पुढच्याला अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, त्याची पण परीक्षा असते, मॅच असते.

काय सांगायचं तर कुठं जाणार, तिथं कोण असणार, काय करणार, किती वेळ लागेल आणि मी कुठं असणार. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. "डॉक्टर छातीला गोल गार वस्तू लावून आत आवाज कसा येतोय ते ऐकणार, त्याचं दुखत नाही, मी तुझ्या शेजारीच बसणार." एवढं पुरे होतं. इंजेक्शन असणार का हे तुम्हालाच माहीत नसेल तर तसंच सांगा, "मला माहीत नाही, विचारू आपण, कळलं की लगेच तुला सांगते." नसेल असं छातीठोक सांगू नका. त्याचं पुढं काय होतं ते सहाव्या पायरीत सांगते.

शब्द पण बघून वापरा. "तुझं रक्त काढणार आहेत" असं ऐकल्यावर मुलाच्या डोक्यात काय येतं ठाऊक आहे? सगळंच काढणार. आमच्या पोरीनं विचारलं होतं, मग मी रिकामा होणार का. तेव्हा मी तिला घरातला चहाचा चमचा दाखवला, पाच मिलिलिटरचा, आणि सांगितलं बहुतेक वेळा ह्याच्या अर्ध्याएवढं घेतात, आणि तुझ्या अंगात पावणेदोन लिटरच्या आसपास आहे, म्हणजे दुधाच्या साडेतीन अर्ध्या लिटरच्या पिशव्या. ती फ्रीजपाशी जाऊन पिशवी हातात धरून बघून आली. मग शांत झाली.

पायरी २: एक वही करा, तिची

फाईल तुमची असते, रिपोर्ट, जुन्या चिठ्ठ्या, लसीचं कार्ड. वही मात्र तिची करा. साधी शंभर पानी. त्यात तिला जे होतंय ते तिनं लिहायचं, लिहिता येत नसेल तर चित्र. लहान मुलाला कुठं दुखतंय विचारलं की बेंबीवर बोट ठेवतं, मग डोकं दुखत असो नाहीतर घसा, तर कागदावर माणसाचं चित्र काढून द्या आणि दुखतं तिथं रंगव म्हणा, बऱ्याचदा वेगळंच कळतं.

आणि जायच्या आदल्या दिवशी विचारा, तुला डॉक्टरांना काय विचारायचंय. आमच्या वहीतला पहिला प्रश्न होता, "पी.टी.च्या तासाला मी पळू का नको?" मी चार वर्षांत हा प्रश्न विचारला नव्हता. मी मनानंच ठरवून शाळेत चिठ्ठी देऊन ठेवली होती की हिला पळवू नका. डॉक्टर म्हणाले अजिबात बसवायचं नाही, दमा ताब्यात असेल तर पळायचं, खेळायचं, लागलं तर आधी पंप (इनहेलर) कसा घ्यायचा ते सांगितलं. म्हणजे बघा, माझ्या काळजीपोटी पोरगी वर्षभर पायरीवर बसून होती.

पायरी ३: केस पेपर आणि वजन

इथं फार लिहायचं नाही, पण सुरुवात इथूनच होते. केस पेपर काढताना खिडकीत नाव, वय तिलाच सांगू दे. सीपीआरला (आमचा मोठा सरकारी दवाखाना) सकाळच्या रांगेत मागचे लोक घाई करतात तेव्हा जमलं तर बघा, खाजगी दवाखान्यात नक्की जमतं. वजनकाट्यावर उभं केल्यावर आकडा तिलाच वाचायला सांगा आणि का ते पण सांगा, की मुलांचा औषधाचा डोस वजनावर ठरतो. तापाचं साधं पॅरासिटामॉल घ्या, एका वेळेला किलोमागं १० ते १५ मिलिग्रॅम असा हिशेब असतो. तिसरी-चौथीतलं पोर हा गुणाकार करू शकतं आणि त्याला त्यात लई मजा येते.

पायरी ४: केबिनमध्ये आधी तिचा नंबर

ही सगळ्यात अवघड पायरी, आणि अवघड मुलासाठी नाही, आपल्यासाठी. आत गेल्या गेल्या, बसायच्या आधीच एक वाक्य बोलून टाका: "डॉक्टर, आधी तीच सांगेल, राहिलेलं मी सांगते." मराठीत, साध्या आवाजात, भांडल्यासारखं नाही. मला आजवर एकाही डॉक्टरांनी ह्याला नको म्हटलेलं नाही. उलट एक मॅडम म्हणाल्या, बरं झालं, आम्ही विचारलं तरी पालकच मध्ये बोलतात.

मग गप्प बसा. मूल लगेच बोलत नाही. ते आधी तुमच्याकडं बघतं, मग जमिनीकडं, मग चपलेशी खेळतं. मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजा. सहा-सातला आपल्या घशाशी वाक्य येतं, ते गिळायचं. ती काही चुकीचं बोलली, तीन दिवसांचं पाच दिवस म्हणाली, तरी मध्येच दुरुस्त करू नका, तिचं झाल्यावर सांगा. एकदा मध्ये तोडलं की पोर पुढं बोलत नाही, आई आहे की, तीच सांगेल.

आपल्याकडं डॉक्टरांना वेळ कमी असतो हे खरं आहे, बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात. म्हणून घरीच तिच्याकडून तीन गोष्टी पाठ नाही पण तयार करून घ्या: काय होतंय, कधीपासून, आणि सगळ्यात जास्त त्रास कशाचा. ह्याला एक मिनिट लागतं, त्यापेक्षा जास्त नाही.

सोबत आजी असतील तर त्यांना घरीच सांगून ठेवा. आमच्या सासूबाईंचा पोरीवर फार जीव, त्यामुळं डॉक्टरांनी "काय होतंय बाळा" म्हटलं की त्याच सुरू व्हायच्या, बाळंतपणापासून. मी एक दिवस म्हटलं, "आई, आज पहिलं तिला बोलू द्या हं, मग तुम्ही सांगा, तुम्हाला जुनं सगळं आठवतं." त्यांना पटलं. मान ठेवून सांगितलं की पटतं.

दोन गोष्टी मात्र तिच्यासमोर करू नका. एक, "हा लई रडका आहे", "ही काय सांगणार हिला काय कळतंय", असं तिच्याबद्दल तिच्या डोक्यावरनं बोलणं. दुसरं, कुजबुजणं. कुजबुजलेलं मुलं बरोब्बर ऐकतात आणि अर्धवट ऐकतात. डॉक्टरांशी एकट्यानं बोलायचंच असेल तर सरळ वेगळी वेळ मागा. आणि डॉक्टर अवघड शब्द बोलले तर "मला कळलं नाही, परत सांगा" हे म्हणायला तिला घरी शिकवा. मोठ्यांना उलट प्रश्न विचारू नये असं आपण शिकवलेलं असतं, त्यामुळं इथं तशी परवानगी आहे हे वेगळं सांगावं लागतं.

पायरी ५: निवड द्यायची ती खरी द्या

"तपासू का?" असं विचारलं आणि मूल नको म्हणालं तर काय करणार? तपासणार तर आहेतच. मग तो प्रश्न खोटा झाला. त्यापेक्षा जे ठरलेलंच आहे ते सांगा आणि जे तिच्या हातात देता येतं ते विचारा. आधी कान बघायचे का घसा? मांडीवर बसायचं का खुर्चीवर? कुठल्या हाताचं रक्त? औषध चमच्यानं का सिरिंजनं? गोष्टी छोट्या आहेत, पण चार मोठी माणसं अंगावर आलेली असताना एवढं एक तरी आपलं आहे हे मुलाला फार मोठं वाटतं.

कपडे काढायचे असतील तर आधी सांगून, पडदा ओढून. सहा वर्षांचं पोर आहे, त्याला कसली लाज, असं म्हणू नका, असते. मुलीला पुरुष डॉक्टर तपासत असतील तर तुम्ही किंवा सिस्टर तिथं हवीच, तसं मागायला संकोच करू नका. आणि इथंच मुलाला हे पण सांगून ठेवा की शरीराचे खाजगी भाग डॉक्टर फक्त तपासायला, आईबाबा किंवा सिस्टर समोर असताना आणि कारण सांगूनच बघतात.

पायरी ६: सुई

आता सांगते. पोरगी साडेपाच वर्षांची असताना एका दवाखान्यात रक्त तपासायचं होतं. मी तिला घरातून निघताना सांगितलं की फक्त डॉक्टरकाकांना भेटून यायचं, मग खासबागला भेळ. आत गेल्यावर तिला ट्रे दिसला. ती दाराकडं पळाली. मग दवाखान्यातले एक वॉर्डबॉय मामा, दोन सिस्टर आणि मी, चौघांनी मिळून तिला टेबलावर आडवं दाबून धरलं, एकीनं पाय, एकीनं खांदे, मी डोकं. पहिल्यांदा शीर मिळाली नाही. दुसऱ्यांदा मिळाली. ती ओरडत होती, "आई तू म्हणालीस नाही म्हणून." भेळ तिनं खाल्ली नाही. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ती दवाखान्याच्या गल्लीच्या कोपऱ्यावर आली की थांबायची आणि मी काहीही सांगितलं, अगदी आज फक्त रिपोर्ट आणायचाय हे खरं सांगितलं, तरी तिचा विश्वास बसायचा नाही. सुईचं दुखणं एका मिनिटात गेलं असेल. दुसरं गेलं नाही.

ते कसं करायला हवं होतं ते आता माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये लस टोचताना दुखणं कमी कसं करायचं ह्यावर सूचना काढल्या, त्यात "दुखणार नाही" असं खोटं सांगू नका हे स्पष्ट आहे. आणि "आता मोठ्ठी सुई टोचणार हं" असं घाबरवू पण नका. "आता करतेय, तयार?" एवढं साधं बोलायचं. मी म्हणते, "चिमटा काढल्यासारखं होईल, पाच म्हणेपर्यंत संपेल."

आडवं झोपवू नका, आडवं दाबलं की मूल जास्त घाबरतं. बाळ असेल तर कुशीत धरा, अंगावर पीत असेल तर लस देताना पाजत ठेवा, सिस्टरना आधी सांगितलं की त्या थांबतात. मोठं असेल तर मांडीवर किंवा खुर्चीत ताठ बसवा, तुमचा हात त्याच्या अंगाभोवती, मिठीसारखा. एकाच वेळी दोन-तीन लसी असतील तर जास्त दुखणारी शेवटी द्या म्हणा. सहा वर्षांच्या आतल्याला मोबाईलवर व्हिडिओ, खेळणं, गप्पा, काहीही चालतं, लक्ष तिकडं गेलं पाहिजे. पण काही पोरांना बघायचंच असतं. आमची बघते, डोळे मोठे करून, आणि बघू दिलं की रडत नाही. म्हणून आधी विचारा, बघणार का तिकडं तोंड करणार.

वारंवार रक्त द्यावं लागणाऱ्या मुलांसाठी कातडी सुन्न करणारं क्रीम मिळतं, ते तासभर आधी लावावं लागतं, तेव्हा डॉक्टरांना आधीच्या भेटीतच विचारून ठेवा.

दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची (धनुर्वात आणि घटसर्पाची) लस असते, ती बऱ्याचदा शाळेत देतात. ह्या वयातली काही पोरं, धडधाकट तालमीत जाणारीसुद्धा, सुई बघून चक्कर येऊन पडतात. त्यात कमीपणा काही नाही. बसवून द्या, नंतर पंधरा मिनिटं बसू द्या, आणि आधी असं झालं असेल तर त्यानं स्वतः सिस्टरना सांगायचं, "मला चक्कर येते."

रडलं तर रडू दे. "मुलगा असून रडतोस, शिवाजी महाराजांच्या कोल्हापुरात राहतोस" असं मी बाकावर बसून शंभर वेळा ऐकलंय, मला ते पटत नाही. हात हलवला नाहीस, छान केलंस, एवढं म्हणा. रडलास तरी हात स्थिर ठेवलास, हेच तर धाडस आहे.

पायरी ७: दुखणं किती, ते त्यालाच विचारा

दवाखान्यात भिंतीवर सहा चेहरे काढलेला तक्ता बघितला असेल, पहिला हसरा, शेवटचा रडका, खाली शून्य ते दहा आकडे. तीन वर्षांच्या पुढची मुलं तो वापरू शकतात. तक्ता नसेल तर हाताची बोटं चालतात, मूठ म्हणजे अजिबात नाही आणि पाची बोटं म्हणजे लईच. ॲडमिट असताना दर थोड्या वेळानं विचारा आणि वेळेसकट लिहून ठेवा. खेळतंय म्हणजे दुखत नाही असं नसतं, काही मुलं दुखणं विसरायलाच खेळतात, आणि काही मुलं दुखतंय म्हटलं की परत सुई मिळेल म्हणून गप्प बसतात.

पायरी ८: औषध तिला समजलं का बघा

बाहेर आल्यावर, रिक्षात बसायच्या आधी, विचारा: "डॉक्टर काय म्हणाले, मला सांग बघू." परीक्षा म्हणून नाही, मला पण उजळणी होते म्हणून. तिला जे सांगता आलं नाही ते आत परत जाऊन विचारा, किंवा केमिस्टला विचारा.

आमचं उदाहरण पंपाचं. "पंपाची सवय लागते, कशाला लावलाय पोरीला" हे मी नातेवाइकांकडून इतकं ऐकलंय की तिनं पण ते ऐकलं, आणि शाळेत पंप घ्यायचं बंद केलं. मला माहीतच नाही. मी डॉक्टरांना सांगत होते, घेते नियमित. डॉक्टरांनी तिलाच विचारलं, शाळेत तुझा निळा पंप, धाप लागल्यावर घ्यायचा, तो कुठं असतो? ती म्हणाली, "ऑफिसच्या कपाटात, कुलपात." आणि किल्ली कुणाकडं? "सरांकडं." म्हणजे धाप लागली तर तिनं वर्गातनं उठायचं, बाईंना विचारायचं, ऑफिसात जायचं, सर शोधायचे. म्हणजे नुसती सवय लागण्याची भीती नव्हती, ही गैरसोय पण होती आणि ती फक्त तिला माहीत होती. आम्ही शाळेत जाऊन डॉक्टरांची चिठ्ठी दिली, आता पंप तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असतो आणि वर्गशिक्षिकेला ठाऊक आहे.

स्पेसरनं (पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी) पंप घ्यायचं तिनं डॉक्टरांना स्वतः करून दाखवलं: हलवायचा, स्पेसरला लावायचा, तोंडात धरून एक पफ, मग सावकाश पाच-सहा श्वास, दुसरा पफ हवा असेल तर परत हलवून. रोजच्या औषधाच्या पंपानंतर चूळ. मी तिला एका वेळी दोन पफ मारायला लावत होते ते तिथंच लक्षात आलं. करून दाखव म्हटलं की असल्या चुका सापडतात, तोंडी विचारून सापडत नाहीत.

पायरी ९: दहा-बाराच्या पुढं, थोडा वेळ बाहेर बसा

हे आईबाबांना जड जातं. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलीला पाळीबद्दल, मुलाला अंगात होणाऱ्या बदलांबद्दल, किंवा मनातलं काही आईसमोर विचारता येत नाही. तेव्हा डॉक्टरांना म्हणा, मी पाच मिनिटं बाहेर बसते. मूल बाहेर आल्यावर "काय विचारलंस" हे खोदून विचारू नका. त्याला हे पण आधी सांगा की बोललेलं डॉक्टर आपल्यापाशी ठेवतात, फक्त जिवाला धोका असेल किंवा कुणी त्रास देत असेल तर मोठ्यांना सांगावंच लागतं. लैंगिक अत्याचाराचं असेल तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणं कळवणं बंधनकारक आहे, आणि त्या तपासणीतही मुलीला महिला डॉक्टरच तपासतात आणि मुलाच्या विश्वासातलं माणूस सोबत असतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर पोरांना पाठ असू दे.

सरकारी दवाखान्यात १० ते १९ वयाच्या मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, २०१४ पासूनच्या किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं, तिथं मूल स्वतः जाऊन बोलू शकतं. आणि शाळेत वर्षातून एकदा तपासणीचं पथक येतं ते बालस्वास्थ्य कार्यक्रमाचं, १८ वर्षांपर्यंत. त्या दिवशी तुम्ही तिथं नसता. पोर एकटं असतं. म्हणून घरी सांगून ठेवा, काही त्रास असेल तर त्या डॉक्टरांना तूच सांगायचंस.

फोनवर डॉक्टरांशी बोलताना मात्र मोठं माणूस सोबत लागतंच, तसा नियम आहे २०२० पासून, पण फोन स्पीकरवर ठेवा आणि तिला बोलू द्या.

पायरी १०: नाही म्हणालं तर

म्हणणारच. तेव्हा आधी बघा, हे आत्ताच व्हायला हवं का. श्वास लागलाय, फिट आलीय, रक्त थांबत नाहीय, तिथं विचारत बसायचं नाही, करायचं, आणि करता करता सांगत राहायचं, नंतर बसून समजावायचं की का थांबता आलं नाही. पण घाई नसेल तर विचारा, कशाला नको. दहातल्या नऊ वेळा उत्तर आपण धरलेलं नसतं. आमच्या भाच्यानं ॲडमिट व्हायला नको म्हणून आकांत केला, सगळ्यांना वाटलं सलाईनला घाबरतोय, तर त्याला वाटत होतं की रात्री आई घरी जाणार. आई इथंच झोपणार कळल्यावर तो स्वतः चालत वॉर्डात गेला.

जी मुलं बोलत नाहीत, खूप लहान आहेत किंवा वेगळ्या गरजांची आहेत, त्यांचं पण नाही असतं, अंग आखडतात, तोंड फिरवतात, हात ढकलतात. तो पण बोलण्याचाच प्रकार धरा, आणि त्याची खूण तुम्हाला कळते तर डॉक्टरांना सांगा, "असं केलं की त्याला थांबायचं असतं."

आणि मत विचारून ते मानता आलं नाही तर गप्प बसू नका, कारण सांगा. तू नको म्हणालीस, मी ऐकलं, तरी हे करावं लागतंय कारण असं असं. मग ती रागावेल. रागावू दे.

आमची पुढची तारीख महिन्याभरानं आहे. कालच तिनं वहीत तीन प्रश्न लिहिलेत. दोन मला दाखवले, एक पाऊस सुरू झाला की औषध कमी होणार का आणि दुसरा पोहायला जाऊ का. तिसऱ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हा डॉक्टरांनाच विचारणार."